न जाता पाहणं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो त्या गुरुजींनी मी सहावीत असताना मला धनेशाचं घरटं दाखवलं. दाखवलं म्हणजे आम्हा चार मुलांना देवराईच्या बाहेर बांधावर बसवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही अशी ताकीद दिली आणि दीड तास तसंच ठेवलं. ढोली तिथून दिसतही नव्हती. दिसत होता तो एका म्हाताऱ्या बेहड्याचा शेंडा. मग डोक्यावरून आवाज गेला. घाटात आगगाडीचं इंजिन धापा टाकतंय असं वाटावं, एवढा मोठा. तो पंखांचा आवाज होता. गुरुजी कुजबुजले, "आला. आता तिला भरवेल." जवळ जाऊन बघूया म्हणून आम्ही हट्ट धरला. त्यावर ते म्हणाले, "आपण जवळ गेलो की तो यायचा नाही. मग बघणार काय?"

मी पक्षितज्ज्ञ नाही. बत्तीस वर्षं मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर दोन माजी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मी एका देवराईत, महाधनेशाच्या ढोलीसमोर, सौरऊर्जेवर चालणारा बिनतारी कॅमेरा बसवला. त्याची हकिकत आज सांगायची आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. रत्नागिरी जिल्हा, सह्याद्रीच्या पायथ्याकडचा भाग, एवढं पुरे. घरट्याचा पत्ता फुटला की मोठ्या लेन्सा घेतलेल्या माणसांची रांग लागते, आणि त्या रांगेत प्रत्येक जण मनापासून पक्षिप्रेमीच असतो.

कोकणात या पक्ष्याला माडगरुड म्हणतात. त्याच्याहून लहान तो ककणेर, म्हणजे मलबारी कवड्या धनेश. माडगरुडाचं घरटं म्हणजे जुन्या झाडाची नैसर्गिक ढोली. जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने. चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. एक किंवा दोन अंडी घालते. अडतीस ते चाळीस दिवस उबवते. याच काळात तिची पिसं गळतात, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. तिचं आणि पिल्लाचं सगळं जेवण नराच्या गळ्यातून येतं. वड, पिंपळ, उंबराची फळं तो गिळून आणतो आणि फटीपाशी बसून एकेक वर काढून भरवतो. अधूनमधून एखादा सरडा, एखादा उंदीर. नर एक दिवस आला नाही तर आत उपास पडतो.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर हाच पक्षी आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या चित्रामागे एक खराखुरा पक्षी होता. त्याचं नाव विल्यम. १८९४ साली कारवारहून तो पिल्लू असताना संस्थेकडे आला आणि १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, संस्थेच्या जागेत राहिला. केळी खायचा, जिवंत उंदीर खायचा, ओळखीची माणसं ओळखायचा. शेवटी तारेचा तुकडा गिळून मेला असं सांगतात. मुंबईतल्या किती लोकांनी त्याला अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलं असेल! पण विल्यमने कधी ढोली शोधली नाही, कधी कुणाला भरवलं नाही. सव्वीस वर्षं पाहूनही त्या माणसांना माडगरुडाचं जगणं दिसलं नव्हतं. मला हे फार लागतं. त्या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. जवळ असणं आणि पाहणं यांत किती अंतर असतं ते त्यांना कळायला मार्गच नव्हता.

माझ्या हातूनही हीच चूक झाली आहे. कॉलेजात असताना आम्ही तिघं एका ढोलीच्या झाडापासून पंधरा पावलांवर हिरव्या कापडाच्या आडोशाला बसलो. नर आला आणि समोरच्या झाडावर टेकला. गळा फळांनी फुगलेला होता. मान तिरकी करून तो कापडाकडे बघत राहिला आणि उडून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. असं तीनदा झालं. आम्हाला त्याचे सुरेख फोटो मिळाले आणि संध्याकाळी मी वहीत 'तीन फेऱ्या' असं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. आत पोचलीच नाहीत अशा तीन जेवणांची ती नोंद आहे.

सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर दिवसच्या दिवस नजर ठेवली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्या बसण्यातून उलगडलं. आजही कुणालाही मी हेच सांगेन की आधी असं बसायला शिका. पण सुगरण माणसांच्या राबत्यात नांदणारा पक्षी आहे. माडगरुडासमोर बसून तो अभ्यास होत नाही. तिथे बसणाराच अडथळा ठरतो.

म्हणून कॅमेरा. रानातल्या कॅमेऱ्याला लोक 'दूरचा डोळा' म्हणतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे. डोळा हा त्यातला सोपा भाग, बाजारात मिळतो. अवघड असते ती न जाण्याची सोय. एकदा बसवल्यावर चार महिने तिथे कुणी फिरकायचं नाही, अशी ती व्यवस्था हवी. बॅटरी केवढी, पॅनेल कुठे, तार कुठून, या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात आमचा एकच प्रश्न होता: यासाठी कुणाला आत जावं लागेल का?

व्याघ्रगणनेतले कॅमेरे आपण बातम्यांत पाहतो. २०१८च्या राष्ट्रीय गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांत साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं जमली. हे कॅमेरे पायवाटेच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. समोरून उष्ण अंगाचा प्राणी हलला की कॅमेरा जागा होतो. छोट्या बॅटऱ्यांवर आठवडेच्या आठवडे चालतो, कारण बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. आमच्या कामाला तो दोन कारणांनी उपयोगाचा नव्हता. एक तर ढोली दूर आणि उंचावर. कोकणातल्या एप्रिलच्या दुपारी तापलेली पानं आणि पक्ष्याचं अंग यांत उष्णतेचा फरक तो काय राहणार? आणि दुसरं म्हणजे त्यातलं कार्ड काढायला माणूस जावा लागतो. चित्र आपणहून बाहेर यायला हवं होतं.

गावाला कॅमेरा हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी. कोकणातलं बरंचसं रान मालकीचं आहे. देवराईला लागून असलेल्या मालकी रानात दर दोन-चार वर्षांनी तोड होते. जुनं, पोकळ झाड इमारती लाकडाच्या कामाचं नसतं, पण सरपणाच्या भावाने तेही जातं. त्या रानातले उंबर आणि वड हेच या नराचं कोठार. नर कुठली फळं आणतो आणि किती वेळा येतो याची नोंद हातात असेल, तर मालकांशी बोलता येईल, वनविभागापुढे कागद ठेवता येईल, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं पडलं. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या रानात २०११-१२ पासून न्यिशी समाजातली माणसं धनेशाच्या घरट्यांची राखण करतात, पायी जाऊन नोंदी ठेवतात. तिथे शिकारीची भीती होती, माणसाचा वावर हीच राखण होती. आमच्याकडे भीती कुऱ्हाडीची, आणि तीही शेजारच्या रानातल्या.

वनविभागाची लेखी परवानगी घेतली. पण देवराई देवीची. तिथलं वाळलेलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, उजवा कौल मिळाला. मग मानकऱ्यांनी अटी सांगितल्या. पायात चप्पल नको. फांदी तोडायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं गुरवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, झाडाला खिळा मारायचा नाय." आम्ही कबूल केलं. या अटीचा पुढे काय परिणाम झाला ते येईलच, पण मला त्याची एका दिवसाचीही खंत नाही.

कॅमेरा मार्गशीर्षात बसवला, जोडी ढोली धुंडाळायला येण्याच्या आधी. त्यांच्या दृष्टीने ती वस्तू पहिल्यापासून तिथलीच असायला हवी होती. ढोलीच्या बेहड्यावर नाही, त्याच्यापासून सत्तावीस मीटरवरच्या एका किंजळीवर. एकही डहाळी न तोडता जिथून ढोलीचं तोंड दिसेल असं झाड सापडायला तीन दिवस लागले. खिळा नाही म्हणून रुंद पट्टा आणि काथ्याची दोरी. मान वळवणारा कॅमेरा मिळत होता, पण त्याच्या मोटरीचा आवाज होतो आणि वीजही जास्त लागते, म्हणून स्थिर कॅमेरा निवडला. रात्री दिसण्यासाठी त्यात जे अदृश्य किरणांचे दिवे असतात तेही बंद केले. त्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांवर कोळी येतो आणि काचेसमोर जाळं विणतो. मग सकाळी ते पुसायला कोण जाणार? शिवाय धनेश दिवसाचा पक्षी. रात्री पाहण्यासारखं तिथे काही नाही. मादीची झोप तिच्यापाशी राहू द्यावी.

आता वीज. देवराईत सूर्य नाही, ही पहिली अडचण. भर दुपारी जमिनीवर रुपयाएवढे कवडसे पडतात, तेवढाच. पॅनेलमधले घट एकामागे एक जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी मोठा भाग सुस्त होतो. म्हणजे पॅनेल बाहेर कातळाच्या उघड्या सड्यावर हवं आणि कॅमेरा आत. मधलं अंतर नव्वद मीटर. बारा व्होल्टची वीज एवढ्या लांब नेली तर बराचसा दाब तारेतच जिरतो. म्हणून सड्यावरच दाब वाढवून अठ्ठेचाळीस व्होल्ट केला आणि संगणकाच्या जाळ्याची जी केबल असते तिच्यातूनच तो आत नेला. ती केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आणि वीज आत, चित्र बाहेर अशी दोन्ही कामं एकटी करते. खारी आणि उंदरांपासून वाचवायला ती काळ्या पाइपातून पातेऱ्याखाली घातली.

कॅमेरा आणि रेडिओ मिळून नऊ वॅट. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसात, चौदा तास, म्हणजे सव्वाशे वॅट-तास. मधली गळती धरून एकशे साठ. तीन दिवस मळभ आलं तरी निभावं म्हणून तिप्पट साठा, चारशे ऐंशी. त्यासाठी लिथियम फॉस्फेटची ५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. शिसे-आम्लाची तेवढ्याच कामाची बॅटरी पंचवीस-तीस किलोंची झाली असती, आणि सड्यावर सगळं डोक्यावरूनच न्यायचं होतं. पॅनेल शंभर वॅटचं. कारखान्याच्या कसोटीत ते शंभर देतं. जांभ्याच्या सड्यावर मार्चमध्ये त्याची पाठ साठ अंशांपर्यंत तापते तेव्हा त्यातले बारा-पंधरा उन्हालाच जातात. तांबड्या धुळीचं वेगळं. सतरा अंश अक्षांशावर आपण आहोत, म्हणून साधारण तेवढाच कल देऊन दक्षिणेकडे तोंड. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. अशी यंत्रं कधीतरी अडकून बसतात आणि बटण बंद-चालू केल्याशिवाय शुद्धीवर येत नाहीत. आमची घड्याळाची कळ रोज संध्याकाळी वीज तोडते आणि पहाटे पुन्हा देते. साडेतीनशे रुपयांच्या या वस्तूने आत जाण्याचे किती प्रसंग टाळले असतील!

विजांपासून बचावाला अर्थिंग हवं, पण जांभ्यात ते नीट मिळत नाही. खोल खड्डा, मीठ, कोळसा, आणि वळवाच्या आधी त्यात पाणी. पॅनेलभोवतीचं गवत जानेवारीतच काढून जाळपट्टा केला, कारण फेब्रुवारीत सड्यावर वणवा येणार हे ठरलेलं. आला, आणि पट्ट्यापर्यंत येऊन विझला.

चित्र पोचवायचं होतं ते वाडीतल्या शाळेत. ती सड्यावरून सव्वादोन-अडीच किलोमीटरवर समोर दिसते. दोन्हीकडे ताटलीएवढे अँटेना. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग आपल्याकडे २०१८ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे ठरावीक शक्तीच्या आत कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. या लहरींना नजरेची रेषा मोकळी लागते, पण नुसती रेषा पुरत नाही. तिच्याभोवती लांबट फुग्यासारखी जागा मोकळी लागते. आमच्या अंतराला मध्यावर तिची त्रिज्या साडेपाच मीटर येते. पाण्याने भरलेलं पान या लहरी गिळून टाकतं. हे सगळं मी वर्गात बत्तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. तरी डिसेंबरात पाहणी करताना वाटेतल्या एका उघड्याबोडक्या झाडाकडे माझं लक्ष गेलं नाही. एप्रिलमध्ये त्याला पालवी फुटली आणि जोडणी तुटायला लागली. झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. शाळेकडचा खांब सात फूट उंच केला. बिघाड शाळेच्या बाजूने सुटत होता, म्हणून मी निर्धास्त होते.

अखंड चित्रफीत इंटरनेटवर टाकायची हौस आम्ही केली नाही. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तरी चौदा तासांचे सहा गिगाबाइटांहून जास्त होतात. वाडीतल्या मोबाइलच्या जोडणीला ते झेपणारं नव्हतं. सगळं चित्रण शाळेतल्या डिस्कवर साठायचं. बाहेर जायचा तो दर पाच मिनिटांनी एक फोटो, आमच्या तिघांपुरता. हे अपुरेपण शेवटी बरंच ठरलं. मुलांना शाळेत ढोली दिसायची. जगाला दिसत नव्हती.

चार फेब्रुवारीला मादी आत गेली आणि संध्याकाळपासून लिंपायला लागली. कॅमेऱ्याच्या दिशेने दोघांपैकी कुणी मान तिरकी करून पाहिलं नाही. माझ्या जुन्या वहीतली ती तिरकी मान मला दिवसभर आठवत होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, वाडीत पालखी घरोघर फिरत होती त्या दिवसांत, सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या फोटोत वानराचा चेहरा आला. सव्वासातच्या फोटोत पानं होती आणि वर आभाळाची एक पट्टी. पट्टा सरकला होता, कॅमेरा वर तोंड करून बसला होता. खिळा असता तर हललाही नसता. अर्ध्या तासाचं काम होतं. माझा विद्यार्थी दोर घेऊन निघायच्या तयारीत. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: तीन महिने ज्यासाठी खपलो ती नोंद आता सुरू होणार, पिल्लू बाहेर आलं की नराच्या फेऱ्या वाढणार, कुठली फळं येतात ते नेमकं आता दिसायला हवं. मीही बोटांवर दिवस मोजत होते. मादीने आत गेल्यावर लगेच अंडं घातलं असेल, तर चार फेब्रुवारीपासून अडतीस ते चाळीस दिवस म्हणजे साधारण हाच आठवडा. अंडं फुटायच्या दिवसांत, ढोलीच्या तोंडासमोर, सत्तावीस मीटरवर माणूस झाडावर चढणार होता.

आम्ही गेलो नाही. हे सांगताना मला मोठेपणा घ्यायचा नाही, कारण त्या निर्णयाची किंमत गावाने दिली. कुठली फळं, कुठल्या झाडांवरची, या प्रश्नाचं चित्रातलं उत्तर त्या वर्षी गेलं ते गेलंच. हंगामानंतर झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करून थोडंफार कळलं. पण मालकांपुढे ठेवायचा कागद अर्धाच राहिला.

मग दोन दिवसांनी मला आठवण झाली की कॅमेऱ्यात ध्वनिग्राहक आहे. तो आम्ही पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता. देवराईच्या कडेने पाणंद जाते आणि तिच्यावरून बायका पऱ्यावर ये-जा करतात. आपापसात बोलतात, सासरमाहेरचं बोलतात, गाणी म्हणतात. रानात लावलेल्या यंत्राने बायकांचं चालणं-बोलणं कसं आक्रसतं, हे कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या एका अभ्यासातून २०२४ साली पुढे आलं आहे. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायका रानात मोकळेपणी गाईनाशा झाल्या. म्हणून शाळेतून एक कळ दाबली की आवाज सुरू झाला असता, तरी आधी विचारणं भाग होतं. देवळात बायका जमल्या. मी सगळं सांगितलं, यंत्राला काय ऐकू येतं तेही. त्यांनी आपसात बराच वेळ बोलून तीन गोष्टी ठरवल्या. आवाज शाळेबाहेर जायचा नाही. ऐकताना त्यांच्यातली एक जण सोबत बसेल. आणि माणसांचं बोलणं आलेला भाग तिथल्या तिथे पुसायचा. त्यांतल्या एक आजी रोज येऊ लागल्या.

पहिल्या दिवशी काहीच कळेना. वारा, पानं, रातकिड्यांची रेघ. मग लांबून तो आवाज आला, सहावीत बांधावर बसून ऐकलेला. पंखांची हुश्श-हुश्श मोठी होत आली, धप्प असं फांदीवर टेकणं, सालीवर नखांची खरखर. मग शांतता. कान देऊन ऐकलं की त्या शांततेत चोचीवर चोच आपटल्याचा बारीक टक, पुन्हा टक. काही वेळाने पुन्हा पंख, आणि आवाज लहान होत गेला. ऐकायला बसणाऱ्या शाळेच्या मुलांनी नियम बसवला: येणं ऐकू आलं, मध्ये टक ऐकू आलं आणि जाणं ऐकू आलं, तरच एक फेरी. नुसतं वरून जाणं धरायचं नाही. शास्त्राच्या पुस्तकात असा नियम मी कधी शिकवला नव्हता. आणि माझ्या कॉलेजातल्या त्या वहीला हा नियम असता तर तिथे शून्य लिहावं लागलं असतं.

मार्चअखेर एके दिवशी आजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. टकटक झाल्यावर आतून एक बारीक, चिरका आवाज आला होता. आम्ही यंत्र मागे नेऊन चारदा ऐकलं. मुलं टाळ्या वाजवणार तोच आजींनी डोळे वटारले. ढोली अडीच किलोमीटरवर होती, तरी सगळे गप्प बसले.

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस मळभ राहिलं, बॅटरीने निभावलं. तिसऱ्या दुपारी दाब खाली आल्यावर यंत्र आपलं आपण बंद झालं आणि चौथ्या सकाळी आपलं आपण उठलं. मधले पंधरा तास वहीत कोरे आहेत. मुलांनी तिथे कारण लिहून ठेवलं आहे.

मे लागला, शाळेला सुट्टी लागली, तरी मुलं पहाटे येत होती. चौथीतली एक मुलगी आणि आजी अशी त्या दिवशी पाळी होती. मी पोचले तेव्हा मुलीच्या कानाला हेडफोन होता आणि भुवया जुळलेल्या. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. पंखांचा आवाज आला, नेहमीचा, भरदार. आणि त्याच्या मागोमाग दुसरा. त्याची लय तुटक होती, दोन फटक्यांनंतर थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. तीन महिने अंधारात बसून नव्याने आलेल्या पिसांचा तो आवाज. आजींनी हेडफोन घेतला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "बाहेर पडली गो बाय."

मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: '६.४२. दोघं.'